ग्रंथकार आणि व्यासपीठ

पुस्तक लिहून झालें, छापून झालें आणि बांधणी होऊन दुकानाच्या फळीवर जाऊन बसलें, म्हणजे ग्रंथकाराचें काम संपलें असा पुष्कळांचा समज असतो. पुढें प्रकाशक आहे, विक्रेता आहे, परीक्षण लिहिणारा टीकाकार आहे. ग्रंथकारानें स्वतः चारचौघांत उभें राहून आपल्याच लेखनांतले उतारे वाचून दाखवावे, सभांतून पुस्तकाविषयीं बोलावें, बातमीदारांच्या प्रश्नांना उत्तरें द्यावीं, हें कित्येकांना बाजारांतल्या आरोळीसारखें वाटतें. समर्थांनीं तर आत्मस्तुति मूर्खाच्या लक्षणांतच घातली आहे. परंतु ज्या पुस्तकाचें नांवहि वाचकाच्या कानीं गेलें नाहीं, तें कितीहि सरस असलें तरी त्याच्या दृष्टीनें नसल्यासारखेंच होय. भिडस्त ग्रंथकाराचें पुस्तक दुकानांत धूळ खात पडतें, आणि धीट ग्रंथकाराची लेखणी सभासंमेलनांच्या गर्दींत हरवून जाते. या दोहोंच्या मधून वाट काढावी कशी, हा प्रश्न जुनाच आहे.

वस्तुतः ग्रंथ हा केवळ डोळ्यांचा विषय झाला तो छापखाना आल्यानंतर. त्यापूर्वीं तो बहुतांशीं कानांचा विषय होता. आपल्याकडे ओंव्या, अभंग आणि आर्या देवळांतून, ओसरीवरून, कीर्तनाच्या रंगांतून गांवोगांव गेल्या. पोथी एकाच्या हातीं असे व तिचे श्रोते पन्नास असत. छापखान्यानें पुस्तक स्वस्त केलें, परंतु वाचकाला एकटें केलें आणि लेखकाला अदृश्य केलें. ग्रंथकाराचें जाहीर वाचन, व्याख्यान आणि मुलाखत हे मुळांत हें तुटलेलें नातें पुन्हां जोडण्याचे उपाय आहेत. विक्री हें त्याचें फळ होय. हें फळ येतें कसें, आणि त्यासाठीं काय मोजावें लागतें, हें समजून घेण्यास एकोणिसाव्या शतकांतल्या दोन लेखकांचीं उदाहरणें फार उपयोगी पडतात. एक इंग्लंडचा चार्ल्स डिकन्स आणि दुसरा अमेरिकेचा मार्क ट्वेन.

डिकन्स हा आपल्या हयातींतच घरोघरीं वाचला जाणारा कादंबरीकार होता. त्याच्या कादंबऱ्या बहुधा दरमहा हप्त्याहप्त्यानें निघत, आणि पुढच्या हप्त्याची वाट पाहणारा वाचक हेंच त्याचें खरें भांडवल होतें. १८५३ च्या डिसेंबरांत बर्मिंगहॅम येथें एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठीं त्यानें 'अ ख्रिसमस कॅरल' ही आपली नाताळची कथा जाहीरपणें वाचून दाखविली. त्या आठवड्यांतलें एक वाचन त्याच्याच इच्छेवरून कामकरी लोकांसाठीं, अगदीं थोड्या पैशांच्या तिकिटावर झालें. मग निरनिराळ्या गांवांहून निमंत्रणें येऊं लागलीं. धर्मकार्यासाठीं वाचणें ठीक. परंतु स्वतःच्या प्राप्तीसाठीं तिकिटें लावून वाचणें ग्रंथकाराच्या प्रतिष्ठेस शोभेल काय? डिकन्सचा जिवलग मित्र आणि पुढें चरित्रकार झालेला जॉन फॉर्स्टर याचें मत शोभणार नाहीं असें पडलें. डिकन्सनें तो सल्ला मानला नाहीं. २९ एप्रिल १८५८ रोजीं लंडनच्या सेंट मार्टिन्स हॉलमध्यें त्यानें स्वतःच्या लाभासाठीं पहिलें वाचन केलें, आणि अखेरपर्यंत त्याच्या लहानमोठ्या वाचनांची संख्या साडेचारशेंच्या वर गेली.

या वाचनांमागें किती मेहनत होती हें पाहण्यासारखें आहे. छापील कादंबरी हातांत घेऊन तो व्यासपीठावर चढत नसे. वाचनासाठीं त्यानें स्वतंत्र प्रती तयार केल्या होत्या. त्यांतलीं लांबलचक वर्णनें छाटलेलीं, संवाद पुढें आणलेले, शब्दांखालीं रेघा ओढलेल्या, आणि आवाज कोठें चढवावा, हात कोठें हलवावा याच्या खुणा समासांत केलेल्या असत. इतकें करून तो सारा मजकूर त्याला जवळजवळ पाठ असे. समोरचें अरुंद मेज त्यानें स्वतः आंखून करवून घेतलें होतें, तें अशा बेतानें कीं वाचणाऱ्याची सबंध आकृति श्रोत्यांना दिसावी. मागें गडद रंगाचा पडदा आणि चेहऱ्यावर नीट प्रकाश पडेल अशी गॅसच्या दिव्यांची योजना, हें सर्व साहित्य तो बरोबर नेत असे. एका माणसाच्या तोंडून कृपण म्हातारा, पोरगेलासा कारकून, वकील, न्यायाधीश असे सगळे आळीपाळीनें बोलूं लागत. घरीं परतलेला श्रोता पुढचा हप्ता उघडून बसे, तेव्हां तोच आवाज त्याच्या कानांत घुमत असे. जाहीर वाचनानें पुस्तक खपतें तें याच कारणानें. श्रोता पुस्तकाचें नांव घेऊन जात नाहीं, तें वाचण्याची रीत घेऊन जातो.

अमेरिकेच्या दौऱ्यांत या गोष्टीची दुसरी बाजू दिसून आली. तेथें १८९१ पर्यंत परदेशी ग्रंथकाराच्या हक्काला कायद्याचें संरक्षण नव्हतें. तेथील प्रकाशक डिकन्सचीं पुस्तकें बेलाशक छापीत. वाचक अगणित होते, परंतु त्यांच्याकडून ग्रंथकाराला हक्कानें मिळण्याजोगें कांहीं नव्हतें. पुस्तकाची नक्कल करतां येत होती, आवाजाची करतां येत नव्हती. २ डिसेंबर १८६७ रोजीं बोस्टन येथें आरंभ करून पुढल्या एप्रिलपर्यंत त्यानें ७६ वाचनें केलीं. कडाक्याच्या थंडींत तिकिटांसाठीं लोक रात्रभर रांगा लावून उभे राहिले. दलालांनीं तिकिटें उचलून चढ्या भावानें विकलीं. व्यवस्थापक जॉर्ज डॉल्बी यानें सर्व हिशेब पाहिला, आणि खर्च वजा जातां सुमारें १९,००० पौंड डिकन्सच्या पदरांत पडले. पुस्तकांनीं जें त्या देशांत मिळवून दिलें नाहीं, तें त्याच्या कंठानें मिळवून दिलें.

परंतु हा कंठ शरीराला जोडलेला होता. अमेरिकेंतल्या हिवाळ्यानेंच त्याची प्रकृति खचली होती. परत आल्यावर त्यानें 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग वाचनांत घेतला. तो ऐकतांना श्रोते थरारून जात, आणि वाचून संपल्यावर डिकन्स स्वतः कोचावर आडवा पडत असे. वाचनाच्या आधीं व नंतर डॉक्टर त्याची नाडी मोजीत. एप्रिल १८६९ मध्यें डॉक्टरांनीं दौरा मध्येंच थांबविला. तरीहि निरोपाचीं कांहीं वाचनें करण्याची परवानगी त्यानें मिळविलीच. १५ मार्च १८७० रोजीं लंडनमध्यें शेवटचें वाचन झालें आणि ९ जून रोजीं, वयाच्या ५८ व्या वर्षीं, तो वारला. 'द मिस्टरी ऑफ एड्विन ड्रूड' या कादंबरीचे बारा हप्ते व्हावयाचे होते; सहाच लिहून झाले होते. वाचनांनींच त्याचा बळी घेतला असें ठाम म्हणणें कठीण. पण त्या सहा अलिखित हप्त्यांकडे पाहिलें म्हणजे टाळ्यांचा हिशेब निराळा दिसूं लागतो.

मार्क ट्वेनची गोष्ट याहून वेगळी. डिकन्स कीर्तीच्या शिखरावरून व्यासपीठावर आला. ट्वेन व्यासपीठाची शिडी करून कीर्तीकडे चढला. १८६६ सालीं तो एका वृत्तपत्राच्या वतीनें हवाई बेटांना जाऊन आलेला बातमीदार होता. त्या वर्षाच्या २ ऑक्टोबरला सॅन फ्रॅन्सिस्को येथें त्यानें त्या प्रवासावर पहिलें मोठें व्याख्यान दिलें. जाहिरातींत त्यानेंच लिहिलें होतें कीं, दारें सात वाजतां उघडतील आणि उपद्रव आठ वाजतां सुरू होईल. लोक हंसतील कीं नाहीं या धास्तीनें आपण कांहीं ओळखीच्या मंडळींना मोक्याच्या जागीं बसवून हंसण्याची कामगिरी सोंपविली होती, असें त्यानेंच पुढें लिहून ठेवलें आहे. व्याख्यान रंगलें, आणि तेथून त्याचा व्याख्यात्याचा धंदा सुरू झाला. १८६९ मध्यें 'द इनोसंट्स अब्रॉड' हें पुस्तक निघालें, तेव्हां तें दुकानांतून नव्हे, तर घरोघर फिरून मागणी नोंदविणाऱ्या हस्तकांकडून विकलें गेलें. दार ठोठावणाऱ्या हस्तकाच्या तोंडीं जें नांव येई, तें गृहस्थानें आधींच एखाद्या सभेंत किंवा वर्तमानपत्रांत ऐकलेलें, वाचलेलें असलें म्हणजे निम्में काम झालेलें असे.

पण सभा आणि पुस्तक यांची वेळ जुळली नाहीं तर काय होतें, हेंहि ट्वेनच्याच चरित्रांत पाहावयास मिळतें. १८८४ च्या हिवाळ्यांत जॉर्ज केबल या लेखकाबरोबर तो दौऱ्यावर निघाला. 'हकलबेरी फिन' ही नवी कादंबरी त्याच्या स्वतःच्याच प्रकाशनसंस्थेकडून नाताळच्या सुमारास यावयाची, आणि तिच्यांतले भाग तो गांवोगांव वाचून दाखवीत होता. तेवढ्यांत छपाईच्या वेळीं कोणीतरी एका चित्राच्या ठशांत अश्लील फेरफार केल्याचें उघडकीस आलें. तीं पानें काढून नवीं बसवावीं लागलीं, नाताळचा हंगाम हुकला, आणि अमेरिकेंत पुस्तक बाहेर पडलें तें फेब्रुवारी १८८५ मध्यें, म्हणजे दौरा संपत आला तेव्हां. श्रोत्याची इच्छा सभेच्या रात्रीं सर्वांत प्रबळ असते. त्या वेळीं हातीं द्यावयास पुस्तक नसेल तर ती सकाळपर्यंत निवते. पुढच्याच महिन्यांत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गांवच्या सार्वजनिक ग्रंथालयानें ही कादंबरी हलक्या अभिरुचीची ठरवून बाहेर काढली, तेव्हां ट्वेननें आपल्या व्यवस्थापकाला आनंदानें कळविलें कीं, यामुळें आपल्या पंचवीस हजार प्रती खात्रीनें खपतील. वर्तमानपत्रांतली चर्चा अनुकूलच असली पाहिजे असें नाहीं, हें त्याला पुरतें उमगलें होतें.

याच दौऱ्यांत ट्वेनला एक मोलाचा धडा मिळाला. आरंभीं तो पुस्तक हातांत धरून वाचीत असे आणि श्रोते थंड बसत. लिहिलेली भाषा डोळ्यांसाठीं घडविलेली असते. तिचीं वाक्यें ताठ असतात, आणि बोलणारा माणूस तसा बोलत नाहीं, हें त्याच्या लक्षांत आलें. मग त्यानें पुस्तक बाजूला ठेवलें, प्रसंग पाठ केले आणि ते जणूं आतांच सुचत आहेत अशा अडखळत्या, सहज ढंगानें सांगण्यास सुरुवात केली. योग्य जागीं घेतलेला विराम हा कथनाचा प्राण होय, असें त्यानें पुढें १८९५ मध्यें गोष्ट सांगण्याच्या कलेवर लिहितांना आवर्जून सांगितलें. डिकन्सची छाटलेली प्रत आणि ट्वेनचें पाठांतर या दोहोंचा अर्थ एकच आहे. व्यासपीठासाठीं पुस्तकाचें पुन्हां एकदां लेखन करावें लागतें.

१८९४ मध्यें ट्वेनची प्रकाशनसंस्था बुडाली. अक्षरें जुळविण्याच्या एका यंत्रांतहि त्याचा पुष्कळ पैसा गेला होता. कर्ज जवळजवळ एक लक्ष डॉलरांचें. सारी रक्कम फेडण्याची कायद्यानें सक्ति नव्हती. परंतु पै न् पै द्यावयाची असा त्याच्या पत्नीचा निर्धार होता, आणि त्यानेंहि तो आपला मानला. साठीच्या उंबरठ्यावर, पायाला झालेल्या काळपुळीनें बेजार अशा स्थितींत, जुलै १८९५ मध्यें तो जगाच्या प्रदक्षिणेस निघाला. बरोबर पत्नी आणि मधली मुलगी होती. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हिंदुस्थान, दक्षिण आफ्रिका असा तो वर्षभराचा दौरा. जानेवारी १८९६ मध्यें तो मुंबईस उतरला. वॉटसन्स हॉटेलांत मुक्काम होता आणि खोकल्यानें त्याला आरंभीं खोलींत पडून राहावें लागलें. तेथेंच स्थानिक इंग्रजी पत्रांच्या बातमीदारांनीं त्याच्या मुलाखती घेतल्या, आणि मग नॉव्हेल्टी थिएटरांत त्याचीं व्याख्यानें झालीं. तेथून तो पुण्यास व बडोद्यासहि बोलून गेला. प्रत्येक गांवीं क्रम तोच असे: आधीं वर्तमानपत्रांतली मुलाखत, मग भरलेलें सभागृह, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां वर्तमानपत्रांत सभेचा वृत्तान्त. या प्रवासांतून 'फॉलोइंग द इक्वेटर' हें पुस्तक १८९७ मध्यें निघालें आणि १८९८ मध्यें सारें कर्ज फिटलें. परंतु दौरा संपवून कुटुंब इंग्लंडांत येऊन पोंचलें असतांना, ऑगस्ट १८९६ मध्यें, अमेरिकेंत राहिलेली थोरली मुलगी सूझी मेंदूच्या विकारानें वारली. वय अवघें चोवीस. बापाला तिची शेवटची भेटहि झाली नाहीं. ऋणमुक्तीच्या जमाखर्चांत ही रक्कम कोणत्या बाजूला लिहावयाची?

मुलाखतीच्या बाबतींत ट्वेनचें मन दुहेरी होतें. तिचा उपयोग तो ओळखून होता, पण ती त्याला रुचत नसे. १८७४ सालींच त्यानें एका लेखांत मुलाखत घेणाऱ्या बातमीदाराची फजिती रंगविली. तेथें लेखक प्रत्येक सरळ प्रश्नाला अशीं अचाट उत्तरें देतो कीं बिचारा बातमीदार चक्रावून जातो. पुढें एडवर्ड बॉक या पत्रकारानें घेतलेली मुलाखत छापण्यापूर्वीं त्याच्याकडे पाहावयास पाठविली, तेव्हां त्यानें ती छापूं नये असें कळविलें. बोलणें कागदावर उतरलें कीं त्यांतला स्वर, हास्य, मुद्रा सारें नाहींसें होतें आणि उरतें तें निर्जीव कलेवर, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें नभोवाणीनें आणि दूरचित्रवाणीनें स्वर व मुद्रा परत आणून दिल्या. तरीहि त्याच्या तक्रारींत एक सत्य उरतेंच. मुलाखतींत प्रश्न दुसऱ्याचे असतात, वेळ दुसऱ्याची असते, आणि काय ठेवावें व काय गाळावें याची कात्रीहि दुसऱ्याच्याच हातीं असते. 

म्हणून मुलाखतीस जाणाऱ्या ग्रंथकारानें पुस्तकांतल्या दोनतीन गोष्टी आधींच मनाशीं निश्चित कराव्या: पुस्तक कोणत्या प्रश्नांतून जन्मलें, त्यांतला कोणता प्रसंग चार वाक्यांत सांगतां येतो, आणि कोणत्या वाचकाला तें आपलें वाटेल. मुलाखत घेणाऱ्यानें पुस्तक वाचलेलें असेलच असें नाहीं. त्याबद्दल रुसण्यापेक्षां त्याच्या साध्या प्रश्नांतून पुस्तकाकडे वाट काढणें हें शहाणपणाचें. शेवट सांगून टाकूं नये, आणि सगळेंच सांगूं नये. श्रोत्याला जर मुलाखतींतच पुस्तक मिळालें, तर तो तें विकत कशासाठीं घेईल?

मराठींतहि या अनुभवाला दाखले आहेत. न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें १८७८ मध्यें पुण्यास ग्रंथकारांची पहिली सभा भरली, तींतूनच पुढें साहित्यसंमेलनाची परंपरा वाढली. ग्रंथकारांनीं एकत्र जमून ग्रंथप्रसाराचा विचार करणें हें तेव्हां नवें होतें. १९२३ मध्यें स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनीं आपल्या कविता चालींवर गाऊन दाखविल्या, आणि कधीं कवितेचें पुस्तक हातीं न घेणारा श्रोताहि त्या गुणगुणूं लागला. पुणें नभोवाणी केंद्रावरून १९५५-५६ मध्यें ग. दि. माडगूळकरांचें 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत याप्रमाणें ऐकविलें गेलें. एकूण ५६ गीतें झालीं, आणि पुस्तक १९५७ मध्यें निघालें तेव्हां त्याचा वाचक आधींच घरोघर तयार होता. डिकन्सच्या मासिक हप्त्यांचेंच हें श्राव्य रूप म्हणावें. पु. ल. देशपांडे यांनीं १९५८ मध्यें पुस्तकरूपानें आलेली 'बटाट्याची चाळ' १९६१ पासून एकट्यानें रंगभूमीवर उभी केली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर हे तिघे एकत्र काव्यवाचन करीत गांवोगांव हिंडले. या प्रत्येक ठिकाणीं श्रोत्यांसमोर ठेवलेली वस्तु लेखनच होती. ग्रंथकाराचें स्वतःचें कौतुक नव्हे. आत्मस्तुतीचा दोष टाळण्याचा मार्गहि त्यांतच आहे. आपण किती थोर हें सांगणारा आत्मस्तुति करतो. आपण लिहिलेलें एक पान नीट वाचून दाखविणारा परीक्षेस बसतो.

तेव्हां सभा लहान असली तरी चालेल. गांवचें वाचनालय, शाळेचें सभागृह, पुस्तकाच्या दुकानांतली चाळीस माणसें हींहि पुरेशीं आहेत. कारण चाळीसांपैकीं दहांनीं पुस्तक वाचून शेजाऱ्याला सांगितलें, तर तें सांगणें कोणत्याहि जाहिरातीपेक्षां दूर जातें. वाचनाचा भाग वीस मिनिटांत आटोपावा, नंतर श्रोत्यांना प्रश्न विचारूं द्यावे, पुस्तकाच्या प्रती दाराशीं हजर असाव्या, आणि सहीसाठीं आलेल्या वाचकाचें नांव विचारून चार शब्द बोलावे. वर्तमानपत्राकडे जातांना पुस्तकांत बातमीचा विषय कोणता, हें संपादकाला एका परिच्छेदांत कळेल असें लिहून द्यावें. आणि या सर्वांना एक मुदत घालून घ्यावी. पुस्तक निघाल्यापासून इतके महिने व्यासपीठाचे, त्यानंतर लेखनाचे, असा करार ग्रंथकारानें स्वतःशींच करावा. कारण तो मोडण्यास उद्युक्त करणारे फार भेटतात व पाळावयास लावणारा कोणीच भेटत नाहीं.

ट्वेनच्या मुंबईंतल्या व्याख्यानाचा हंशा त्याच रात्रीं विरला. डिकन्सचा स्वर यंत्रांत सांठविण्याची सोयच त्या काळीं नव्हती. दोघांचीं पुस्तकें मात्र आजहि फळीवरून खालीं उतरतात आणि नव्या वाचकाच्या हातीं पडतात. व्यासपीठानें त्या पुस्तकांना आपल्या काळांतल्या माणसांपर्यंत पोंचविलें, तेवढें त्याचें ऋण मान्य केलें पाहिजे. पुढच्या काळाकडे तीं गेलीं तीं मेजाशीं एकट्यानें बसून घालविलेल्या तासांच्या बळावर, आणि ते तास राखून ठेवणें हें कोणाहि व्यवस्थापकाच्या हातचें काम नव्हे.